ढोकळ्यावरचे लाल ठिपके, चिकाचा तळ आणि इतर प्रश्न

गेल्या अंकात मी मुलांबरोबर घरी करायच्या प्रयोगांवर लिहिलं होतं आणि वाचकांचे प्रश्न मागवले होते. पत्रं आणि व्हॉट्सॲपवरचे निरोप मिळून पुष्कळ प्रश्न आले. सारखे होते ते एकत्र केले आहेत. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवत असे. आता आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीतली मुलं रविवारी सकाळी माझ्याकडे जमतात, आणि खालची बहुतेक उत्तरं त्यांच्याबरोबर करून पाहिलेली आहेत.

नमस्कार बाई. आम्ही कोथरूडला राहतो. मुलगी सात वर्षांची, मुलगा चार. दोघांनाही प्रयोगांची फार हौस. पण एक प्रयोग झाला की ओटा, फरशी, भिंत पुसण्यात माझी सकाळ जाते. सासूबाई म्हणतात, "स्वयंपाकघर म्हणजे प्रयोगशाळा नव्हे, आणि अन्नाची नासाडी मला चालायची नाही." काय करावं?

आधी जागा बदला. पुण्याच्या फ्लॅटमध्ये बहुतेक ठिकाणी ड्राय बाल्कनी असते. तिथे नळ असतो, फरशीला उतार असतो, पाणी जायला जाळी असते. वॉशिंग मशीनशेजारी एक जुनी चटई टाका, तिच्यावर कणीक मळायची मोठी परात ठेवा, आणि नियम एकच करा: जे काय सांडायचं ते परातीत. मुलांच्या अंगात बापाचा जुना टी-शर्ट घाला, तो गुडघ्यापर्यंत येतो आणि ॲप्रनपेक्षा जास्त झाकतो. पुसायचं फडकं प्रयोग सुरू व्हायच्या आधी मुलीच्या हातात द्या. प्रयोग संपल्यावर दिलं तर ती शिक्षा वाटते. आधी दिलं तर ते सामानातलंच एक होतं. चार वर्षांच्या मुलालाही परात विसळता येते. वेळ लागेल, पण ते काम त्याच्याकडून काढून घेऊ नका.

नासाडीबद्दल सासूबाईंचं म्हणणं मला पूर्ण पटतं. चहाच्या चमच्याने मोजून चमचा-दोन चमचे वस्तू घेतली तर जवळजवळ सगळे प्रयोग होतात. वाटी वाटी ओतायची काही गरज नसते.

मात्र स्वयंपाकघर म्हणजे प्रयोगशाळा नव्हे, हे मी मान्य करणार नाही. सासूबाईंना ॲग्नेस पॉकेल्सची गोष्ट जरूर सांगा. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगची ही बाई, जन्म १८६२ चा. त्या काळी तिथे मुलींना विद्यापीठात प्रवेश नव्हता, त्यामुळे ती घर सांभाळत होती आणि आजारी आईवडिलांचं करत होती. भांडी घासताना तेलकट पाण्याचा पृष्ठभाग कसा वागतो हे तिच्या लक्षात आलं आणि तिने ते मोजायला घेतलं. साधन काय, तर काठोकाठ पाणी भरलेलं पत्र्याचं उथळ भांडं, त्यावर सरकवायची पत्र्याची पट्टी आणि तराजूला टांगलेलं एक बटण. १८९१ मध्ये तिने आपली निरीक्षणं इंग्लंडमधल्या लॉर्ड रॅली या मोठ्या शास्त्रज्ञाला पत्राने कळवली. त्यांनी ते पत्र 'नेचर' या नियतकालिकाकडे पाठवलं आणि ते त्याच वर्षी छापून आलं. पृष्ठताणाच्या, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाला ताणलेल्या पडद्यासारखी जी ओढ असते तिच्या, अभ्यासात तिचं नाव आजही घेतलं जातं.

आणि हा प्रयोग सासूबाईंच्या देवघरातल्या सामानावर होतो. स्टीलची थाळी साबणाने घासा आणि साबणाचा अंशही राहणार नाही इतकी विसळा. तिच्यात स्वच्छ पाणी घ्या. कापराच्या वडीचे मोहरीएवढे तुकडे करून पाण्यावर सोडा. ते गरगर फिरायला लागतात, एकमेकांना चुकवत पळतात. मुलं ओरडायला लागली की सासूबाईंना सांगा, केसांच्या तेलाचं बोट पुसून घ्या आणि फक्त टोक पाण्याला लावा. सगळे तुकडे एका क्षणात थांबतात. कापूर पाण्यात विरघळताना आजूबाजूचा पृष्ठताण कमी करतो, पण सगळीकडे सारखा नाही, म्हणून तुकडा जास्त ताणाच्या बाजूला ओढला जातो. तेलाचा पापुद्रा पसरला की ताण सगळीकडेच उतरतो आणि ओढायला फरक उरत नाही. कापराला थांबवायला तेलाचा थर किती जाड लागतो, हे रॅलींनी १८९० मध्ये मोजलं होतं. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातल्या एक-दोन भागांएवढा पुरतो! कापूर मात्र मोठ्यांनीच हाताळायचा. तो पोटात गेला तर लहान मुलाला झटके येऊ शकतात, त्यामुळे चार वर्षांच्या मुलाने फक्त बघायचं, आणि प्रयोग झाला की डबी पुन्हा वरच्या फळीवर.

माझ्या ढोकळ्यावर कधी कधी लाल ठिपके उमटतात. मुलगी विचारते, कशामुळे? हळदीच्या डागाला साबण लावला की तोही लाल होतो. कारण एकच आहे का? (सिंहगड रोड)

एकच आहे, आणि तुमच्या मुलीने दोन गोष्टी जोडल्या याचा मला फार आनंद झाला.

हळदीतलं पिवळं द्रव्य, म्हणजे कर्क्युमिन, आम्लात पिवळं राहतं आणि आम्लारीत, म्हणजे अल्कलीत, लाल-तपकिरी होतं. साबण आम्लारिधर्मी आहे. ढोकळ्याच्या पिठात सोडा नीट फेटला गेला नाही, कुठे गुठळी राहिली, आणि तिथे आंबटपणा कमी पडला, की तेवढ्या जागी हळद लाल होते. ढोकळा खायला काही हरकत नाही, चव मात्र त्या ठिपक्यापाशी साबणासारखी लागते.

आता यावरून एक आख्खी दुपार जाईल असा प्रयोग सांगते. चमचाभर हळद पाण्यात कालवून जाड पांढऱ्या कागदावर फासा. जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू त्याला उत्तम. कागद वाळला की पट्ट्या कापा. छोट्या वाट्यांमध्ये लिंबाचा रस, ताक, साबणाचं पाणी, खाण्याच्या सोड्याचं पाणी आणि धुण्याच्या सोड्याचं पाणी घ्या. मुलीला काडी बुडवून एकेक थेंब पट्टीवर टाकू द्या. प्रत्येक वेळी थेंब टाकायच्या आधी तिने सांगायचं, काय होईल.

लिंबू आणि ताक काही करणार नाहीत. धुण्याचा सोडा गडद लाल रंग देईल. आणि खाण्याचा सोडा? तो जेमतेम नारिंगी छटा देतो, कारण तो फारच सौम्य आम्लारी आहे. इथे मुलं हमखास थबकतात: दोन्ही सोडेच ना, मग असं का? तेव्हा तुम्ही खाण्याचा सोडा दोन चमचे कोरड्या जुन्या कढईत घ्या आणि मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं परता. पाण्यासारखा उकळी फुटल्याचा भास होईल, पावडर कढईत हलकी होऊन हलायला लागेल. तिच्यातून वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे धुण्याचा सोडा उरतो. गार झाला की चिमूटभर पाण्यात कालवून पट्टीवर टाका. मघाशी जेमतेम नारिंगी झालेली हळद आता लाल होते. हा परतलेला सोडा हाताला झोंबतो, तेव्हा तो तुमच्याच हातात असू द्या. वाफेवर ढोकळ्यातल्या गुठळीचंही थोडंफार हेच होतं, म्हणून ठिपका इतका लाल.

लाल झालेल्या पट्टीवर लिंबू पिळून पाहायला विसरू नका. आणि एक पट्टी गॅलरीत कडक उन्हात ठेवा, अर्धी नाण्याखाली झाकून. संध्याकाळी नाणं उचला. उन्हात कर्क्युमिन मोडतं, म्हणूनच हळदीचे कपडे उन्हात टाकायचे असतात.

व्हिडिओ बघून मुलाने सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखी अनेकदा केला. आता त्याला फक्त जास्त फेस हवा असतो. यातून तो काही शिकतोय का, असा प्रश्न पडतो. (एक वडील, वाकड)

तुमची शंका रास्त आहे. फेस बघायला मजा येते, पण त्या प्रयोगात मुलाला ठरवायला काहीच नसतं. काय होणार हे व्हिडिओने आधीच सांगितलेलं असतं. माझा अनुभव असा की मूल विचार करायला लागतं ते दोन गोष्टींमुळे: एक, त्याने अंदाज आधी बोलून दाखवला तर, आणि दोन, एका वेळी एकच गोष्ट बदलली तर. सामान तेच ठेवा, फक्त एवढं बदला.

अर्ध्या लिटरची एकाच प्रकारची बाटली घ्या. तिच्यात पन्नास मिली व्हिनेगर ओता. औषधाच्या बाटलीबरोबर येणारं मोजमापाचं टोपण वापरा. फुग्यात पाव चमचा खाण्याचा सोडा भरा, फुगा बाटलीच्या तोंडावर ताणून बसवा आणि मग उचलून सोडा आत पडू द्या. फुगा फुगला की त्याचा घेर दोऱ्याने मोजा, दोरा पट्टीवर धरा, आकडा वहीत लिहा. पुढच्या वेळी व्हिनेगर तेवढंच, सोडा अर्धा चमचा. मग एक चमचा, मग दोन. प्रत्येक वेळी नवं व्हिनेगर, आणि प्रत्येक वेळी अंदाज आधी वहीत.

मुलगा बहुधा लिहील की सोडा दुप्पट म्हणजे फुगाही मोठा. पहिल्यांदा तसं होईल. एक आणि दोन चमच्यांना मात्र फुगा साधारण सारखाच राहतो आणि बाटलीच्या तळाशी पांढरा सोडा शिल्लक दिसतो. इथे तुम्ही गप्प बसायचं. हे सगळ्यात अवघड आहे, पण बसाच. आमच्याकडच्या एका तिसरीतल्या मुलाने त्या बाटलीकडे बराच वेळ बघितलं, कोणाला काही न विचारता वरून आणखी व्हिनेगर ओतलं, आणि तळातला सोडा पुन्हा फसफसल्यावर म्हणाला, "बाई, सोडा संपला नव्हता, हे संपलं होतं." मी वर्गात फळ्यावर समीकरण लिहून हेच शिकवत असे, आणि इतक्या नेमक्या शब्दांत उत्तर देणारी मुलं थोडी असायची.

तुमच्यासाठी हिशोब: बाजारातलं पांढरं व्हिनेगर साधारण चार टक्के ॲसिटिक आम्लाचं असतं. पन्नास मिलीत दोन ग्रॅम आम्ल, आणि त्याला पावणेतीन-तीन ग्रॅम सोडा पुरतो, म्हणजे अर्ध्या चमच्याहून थोडा जास्त. त्यापुढे कितीही घातलात तरी वायू वाढत नाही.

एवढं झालं की एका उंच जगमध्ये सोडा-व्हिनेगर एकत्र करा, फेस बसू द्या, आणि जग पेटत्या मेणबत्तीवर अलगद कलता करा, पातळ पदार्थ सांडणार नाही इतपतच. दिसत काहीच नाही, पण मेणबत्ती विझते. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड आहे, त्यामुळे तो पाण्यासारखा ओतता येतो. हा प्रयोग मात्र काही न मोजता, पुन्हा पुन्हा करू द्या.

मे महिन्याच्या सुट्टीत तिन्ही नातवंडं आमच्याकडे सदाशिव पेठेत येतात. घरात आम्ही दोघंच म्हातारी. कोणत्या वस्तू मुलांच्या हाती लागू द्यायच्या नाहीत, ते स्पष्ट लिहा.

स्पष्टच लिहिते. सगळ्यात आधी पानाच्या डब्यातला चुना. हळद आणि चुना एकत्र केले की सुरेख लाल रंग येतो आणि तो प्रयोग सुचवणारे पुष्कळ भेटतात. पण चुना डोळ्यात उडाला तर बुबुळ भाजतं आणि दृष्टी जाऊ शकते. प्लॅस्टिकची चुन्याची पुडी दाबली की ती फुटून थेट तोंडावर उडते. लाल रंगासाठी साबण आहे, चुन्याची गरज नाही.

दुसरं, संडास साफ करायचं आम्लयुक्त द्रव आणि ब्लीच कधीही एकत्र येता कामा नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो. तुंबलेला पाइप मोकळा करायची पावडर म्हणजे बहुतेक वेळा कॉस्टिक सोडा, तीही कुलपात. तिसरं, सोडा आणि व्हिनेगर, किंवा पाणी आणि ईनो, झाकण लावलेल्या बाटलीत कधीच नाही. बाटली फुटते. सॅनिटायझर असेल तिथे काडेपेटी नको. अगदी लहान नातवंड असेल तर फुगे आणि फुटलेल्या फुग्यांचे तुकडे त्याच्या हाती देऊ नका, घशात अडकतात. कच्चं अंडं हाताळलं की साबणाने हात.

बाकी, जे जेवणात जातं त्यातलं बहुतेक सगळं प्रयोगाला चालतं. फक्त प्रयोगाच्या वाट्या-चमचे वेगळे ठेवा आणि प्रयोगातलं काही चाखायचं नाही. गॅस तुम्हीच पेटवायचा. पोहायचे गॉगल मुलांकडे असतातच, ते घालायला लावा, त्यांना आवडतं. डोळ्यात काहीही गेलं तर चोळू न देता वाहत्या नळाखाली पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा.

बाई, मी पाचवीत आहे. कॉर्नफ्लोअरमध्ये थोडं पाणी घातलं की त्यावर बुक्की मारली तर ते घट्ट लागतं आणि हळू बोट घातलं तर आत जातं. मी कणकेचं करून पाहिलं, पण तसं झालं नाही. तांदळाच्या पिठाचंही नीट झालं नाही. का? (हडपसर)

शाब्बास! कॉर्नफ्लोअरचं झालं तर दुसऱ्या पिठाचं होतं का, हे तू आपणहून पाहिलंस.

कॉर्नफ्लोअर म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्याचे कण इतके बारीक असतात की एका मिलिमीटरमध्ये पन्नास ते शंभर सहज मावतील. गार पाण्यात ते विरघळत नाहीत, नुसते खेटून तरंगतात आणि मध्ये थोडं पाणी असतं. बोट हळू घातलंस तर कणांना बाजूला सरकायला वेळ मिळतो. बुक्की मारलीस तर मिळत नाही, ते एकमेकांत अडकतात आणि काही क्षण भिंतच तयार होते. गणपतीत तुळशीबागेच्या बोळातून लोक हळू चालले तर पुढे जातात, सगळे एकदम धावले तर कोणीच हलत नाही, तसंच.

कणकेत स्टार्चबरोबर कोंडा असतो आणि ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. ते पाण्यात ताणलं जाऊन जाळं करतं, म्हणून तुझ्या हाताला चिकट गोळा लागला. तांदळाच्या पिठात दळलेल्या दाण्याचे मोठे तुकडे असतात, ते भराभर खाली बसतात.

पण गव्हातही स्टार्च भरपूर आहे, हे तुला सिद्ध करता येईल. तुमच्याकडे उन्हाळ्यात कुरडया करतात का? आजी गहू तीन दिवस भिजवते, रोज पाणी बदलते, मग वाटून, पिळून चोथा काढून टाकते आणि पांढरं पाणी पातेल्यात रात्रभर ठेवते. सकाळी वरची निवळ ओतून दिली की खाली चीक उरतो. तो शिजवायच्या आधी आजीला विचार आणि चमचा त्यात एकदा जोरात मार, एकदा अगदी हळू रोव. मग सांग, गहू तोच असून आता वेगळा का वागला.

कुरडयांपर्यंत थांबवत नसेल तर दोन बटाटे किसून पाण्यात पिळ, कीस बाजूला काढ आणि पाणी अर्धा तास ठेव. वरचं पाणी ओतलंस की तळाला जे पांढरं राहील, त्याचंही तेच करून बघ. आणि हे, कॉर्नफ्लोअरसुद्धा, सिंकमध्ये ओतू नकोस. खालच्या वळणात बसतं आणि पाइप तुंबतो. परातीतच उन्हात वाळव, पावडर होईल, ती डब्यात भरून पुन्हा वापर.

मुलाने प्रयोगासाठी आणलेल्या थर्मामीटरवर उकळतं पाणी ९८ अंशांवरच थांबतं. पुस्तकात १०० लिहिलंय. थर्मामीटर बदलून आणायचा का? (औंध)

बदलू नका, आधी तपासा. पेलाभर बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून ढवळा आणि थर्मामीटर त्यात पाच मिनिटं ठेवा. शून्याच्या आसपास दाखवत असेल तर तो बरोबर आहे आणि ९८ हा आकडाही बरोबर आहे. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहे. इथे हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी सुमारे ९८ अंशांनाच उकळतं. १०० हा आकडा समुद्रसपाटीचा, म्हणजे मुंबईला जुळणारा. कुकरमध्ये उलट होतं: वाफ कोंडून दाब वाढतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास तापमानाला उकळतं, म्हणून डाळ लवकर शिजते. मात्र थर्मामीटर कुकरमध्ये घालायचा नाही, आणि तापाचा थर्मामीटर यातल्या कशालाच वापरायचा नाही, तो ४२-४३ अंशांपर्यंतच असतो.

पुढच्या महिन्यात सिंहगडावर जाणार असाल तर हा थर्मामीटर बरोबर न्या. गड साधारण १३०० मीटर उंच आहे. वर चहाच्या टपरीवाल्याला विचारून उकळत्या पाण्यात तो धरा, आणि निघण्याआधी मुलाचा अंदाज वहीत लिहून घ्या. मला आकडा कळवा.